दोनदा खाकरणं

हसण्यासाठी सकाळी उठून बागेत जायचं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थोतांड वाटलं. "आता हसायलाही क्लास लावायचा का?" असं मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. आजारी मी नव्हतो, माझी बायको होती. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्यानंतर वर्षभरात ही बाई मिटत गेली. झोप नाही, जेवण चिमणीएवढं, रक्तदाब वाढलेला. विचारलं की एकच उत्तर, "काय नाय, बरी हाय मी." डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतोच आहे. पण काका, यांना माणसांत न्या. सिडकोतल्या बागेत सकाळी हास्यक्लब भरतो, तिथं यांना हसू द्या." मग त्यांनी मला सहज विचारलं, "आधी हसायच्या का या?"

मी म्हणालो, "बेताचंच."

हे धडधडीत खोटं होतं. बायको शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

ती सिल्लोडकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची. चार बहिणी कापूस वेचायला गेल्या की या बांधावरून त्या बांधावर थट्टा चालायची, असं तीच सांगायची. तिचं हसणं मी लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा ऐकलं. आधी नाकातून फुर्र असा आवाज, मग टाळी, आणि मग एवढं मोठ्यानं हसणं की जेवणारी माणसं हातातला घास तसाच धरून वळून बघायची. मला तेव्हा ते आवडलं होतं. हे कबूल करायलाच हवं, कारण आवडत नव्हतं म्हणून थांबवलं असं म्हणायची सोयही मला उरत नाही.

आमचं घर वेगळं. वडील निजामाच्या वेळेपासून तहसील कचेरीत कारकून. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीतली भाषा बदलली, वडिलांचा दरारा मात्र होता तसाच राहिला. घरात शिरण्याआधी ते उंबऱ्याबाहेर दोनदा खाकरायचे. ते ऐकलं की आई आणि काकू डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि चाललेलं बोलणं असेल तिथं तुटायचं. त्यात राग नसायचा, पुरुष माणूस येतोय एवढंच सांगणं असायचं. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हीच रीत होती. लहानपणी मी मुद्दाम दाराआड उभा राहून वडिलांसारखा खाकरायचो आणि आई खरंच दचकून गप्प व्हायची. मला त्याची फार गंमत वाटायची.

लग्नाला सहा महिने झाले असतील. मी चिकलठाण्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. एका रविवारी साहेब आणि त्यांची पत्नी आमच्याकडं जेवायला आले. साहेब रंगवून सांगत होते, नव्या स्कूटरवर पहिल्याच दिवशी म्हशीला वाट द्यायला गेलो आणि सरळ उकिरड्यात जाऊन बसलो. बायको वाढत होती. तिनं ऐकलं आणि फुर्र झालं. वरणाचं भांडं खाली ठेवून तिनं टाळी वाजवली आणि ती हसत सुटली. साहेब हसत होते, त्यांच्या पत्नी हसत होत्या. लाज वाटली ती एकट्या मला. वाटलं, हे लोक घरी जाऊन म्हणतील, बायको अगदीच खेडवळ केली आहे याने. मी ताटावरून मान वर न करता दोनदा खाकरलो.

ती गप्प झाली. उरलेलं जेवण तिनं खाली बघूनच वाढलं.

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. शब्द नको, भांडण नको, नंतर समजूत काढायला नको. मग मला चटकच लागली. लग्नकार्यात, शेजाऱ्यांत, रिक्षात, तिच्या बहिणी माहेरपणाच्या गप्पा घेऊन आल्या तरीसुद्धा. कुणी घशाचं विचारलं तर मी जालना रोडच्या धुळीवर ढकलून द्यायचो. पंधराएक वर्षांनी खाकरायची गरजच उरली नाही. हसू आलं की ती आपणहून पदर तोंडाशी न्यायची, खांदे हलायचे, आवाज नसायचा. लोक म्हणायचे, वहिनी फार शांत आहेत. मला ते ऐकून बरं वाटायचं, इतका मी नालायक.

तर आम्ही बागेत जाऊ लागलो. तीस-चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या गोल करून उभ्या. हो हो, हा हा हा करत टाळ्या वाजवायच्या. मग लस्सी हास्य, म्हणजे हातात दोन पेले आहेत असं समजून या पेल्यातून त्या पेल्यात लस्सी ओतायची, ती गटागटा प्यायची आणि आभाळाकडं बघून हसायचं. मग कानाला हात लावून मोबाईल हास्य. हे सगळं करून घेणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलींना खेळ शिकवायच्या. बोलणं निम्मं दख्खनी, निम्मं मराठी, आणि गळ्यात अजूनही शिट्टी. पहिल्याच दिवशी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "भाभी, मुंह पे हात कायकू? इथं काय तुमचे सासरे बसलेत?"

सगळे हसले. त्यात मीही होतो.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्लबात माझी प्रगती झपाट्यानं झाली. पंधरा दिवसांत माझं हसणं बागेबाहेर ऐकू जायला लागलं. बाई माझं उदाहरण द्यायच्या. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या हसण्यावर पहारा ठेवणारा माणूस लहान पोरासारखा हवेतली लस्सी पीत होता. बायको सगळे हातवारे न चुकता करायची. पेले धरायची, ओतायची, मान वर करायची. आवाज मात्र नाही.

महिन्याभरानं एका सकाळी लस्सी ओतताना तिच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, माझी लस्सी तुझ्या पायावर सांडली गं." बायकोनं खरंच खाली वाकून पायाकडं बघितलं. आणि फुर्र झालं. ती टाळी वाजवायला हात उचलत होती, बाई तिच्याकडं धावत होत्या, पाच-पंचवीस माणसं वळून बघत होती.

आणि मी खाकरलो. दोनदा.

ठरवून नाही. देवाशपथ ठरवून नाही. लोकांनी वळून बघितलं आणि घसा आपोआप चालला. तिचे उचललेले हात खाली आले आणि पदर तोंडाशी गेला. बाई थांबल्या. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

सगळे पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाईसाब, ये खाँसी कब से है?"

"थंडीची आहे," मी म्हणालो.

"नाय. थंडीची खाँसी अशी मोजून दोनदा येत नाय." त्या शाळेतल्या पोरीशी बोलावं तशा शांतपणे बोलत होत्या. "उद्यापासून भाभीला गेटवर सोडायचं. तुमी बाहेर थांबायचं."

सत्तरीच्या माणसाला वर्गाबाहेर काढलं. माझं डोकंच फिरलं. पण दिवसभर राग टिकेना, कारण बाई खरं तेच बोलल्या होत्या. संध्याकाळी बायको मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "मी तुला हसू दिलं नाही. खाकरून खाकरून गप्प केलं. चुकलो."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. "तुमी मुद्दाम करत व्हता?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"मला वाटायचं, सवय हाय तुमची. मामंजींवाणी. तुमच्या तुमच्या ध्यानातबी येत नसंल."

खोटं बोललो असतो तर तिला बरं वाटलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हणालो, "नाही. मला कळत होतं."

"दरवेळी?"

"दरवेळी."

तिनं मेथी पुढं ओढली. माझी बाजू तिनं चाळीस वर्षं मनात धरून ठेवली होती, आणि तीही मी माफी मागून काढून घेतली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी स्कूटर लावून थांबू लागलो. आठ-दहा दिवस आतून नुसता गलका यायचा. मग एकदा सगळ्या आवाजांच्या वर एक हसणं आलं, आणि त्यात टाळी होती. टपरीवाला हातात किटली धरून म्हणाला, "कोन हसतंय हो एवढं?"

"माझी बायको," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

थोड्या वेळानं बायका बाहेर आल्या. ती मधे होती, अजून हसत होती, शेजारच्या आजींच्या दंडावर चापट मारत होती. तिनं मला बघितलं. पदर तोंडाशी गेला. मी खाकरलो नव्हतो. मी नुसता उभा होतो.

तेव्हापासून मी स्कूटर टपरीपाशी लावत नाही. आधी पुढच्या वळणावर लावायचो, आता त्याच्याही पुढच्या चौकात, मेडिकलच्या दुकानासमोर लावतो. तिथून बाग दिसत नाही आणि काही ऐकूही येत नाही. गेटपासून तिथवर चालत यायला तिला सात-आठ मिनिटं लागतात. बायका वळणापर्यंत सोबत असतात. ती येते तेव्हा गप्प असते, पण चेहरा लाल झालेला असतो आणि डोळे पुसलेले असतात. जेवण सुधारलंय. रक्तदाब उतरलाय, डॉक्टर खूश आहेत.

मध्यंतरी तिनं एकदा विचारलं, "एवढ्या लांब का लावता गाडी?"

मी म्हणालो, "तिथं सावली असते."

सकाळी सातला कसली आलीय सावली, हे तिलाही कळत होतं. जवळ लावा, असं मात्र ती म्हणाली नाही.