अंगावर बादल्या, तोंडात घोट

सिन्नरच्या पूर्वेला आमच्या गावात पाणी टँकरचं. पण बाळंतिणीला पाणी मिळायचं नाही ते टंचाईमुळे नव्हे. पाणी प्यायलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असा नियमच होता. आईची सगळी बाळंतपणं तशीच झाली. दाराला गोधडी, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. तिची थोरली बहीण, कमळमावशी, पहिल्याच बाळंतपणात गेली. ‘बाहेरचं झालं’ एवढंच आम्हाला सांगितलेलं.

मी घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. त्याचा मला अभिमान आहे. माझी डिलिव्हरी नाशिकच्या दवाखान्यात नीट झाली. निघताना डॉक्टरबाईंनी भरपूर पाणी प्यायला बजावलं होतं. माहेरी येऊन मी ते सांगितलं, तर चुलती म्हणाली, "बी.कॉमला बाळंतपणाचा पेपर होता का गं?" सगळ्या हसल्या. आईपण.

उन्हाळा होता. रोज सकाळी आई कढत पाण्याच्या बादल्या माझ्या अंगावर ओतायची. मी मान वर करून तोंड उघडायचे. ती पाठीत धपाटा घालायची. "मिट तोंड! मी काय मेले का बिनपाण्याची?"

मग डोकं दुखायला लागलं. गोळीनेही थांबेना. वारं लागलं म्हणून कान आवळून बांधले, शेगडीत निखारे वाढवले. उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी बाळाला उचलायला गेले तर उजवा हात उठेचना. बाळ कुशीतून घरंगळलं. खाली गोधडी होती म्हणून वाचलं. पाठोपाठ मला झटका आला. चुलती उतरवून टाकायला लिंबू शोधत होती. बाळाला बघायला आलेल्या नवऱ्याने जीप आणली.

नाशिकला एमआरआय झाला. सेरेब्रल व्हेनस थ्रॉम्बॉसिस. म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ. रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शनं सुरू झाली.

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाई खाटेपाशी आईला म्हणाल्या, "बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं. त्यात तुम्ही पाणी तोडलंत."

आईने विचारलं, "आधी डोकं, मग झटके, मग हात लुळा. असं होऊन बाई मरती का?"

"उपचार मिळाले नाहीत तर मरू शकते."

"माझी बहीण अशीच गेली. पाणी मागत होती. तांब्या माझ्या हातात होता, मी दिला नाय."

"त्यांना काय झालं होतं, ते मी आज नाही सांगू शकत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला हाक मारली नाही. माझ्या मनात दया नव्हतीच.

तुमच्या घरात बाळंतीण असेल तर एवढं ऐका. डोकं दुखायचं थांबत नसेल, हातपाय जड पडत असतील, झटका आला, तर वारं, बाधा काही बघू नका. दवाखाना गाठा.

हात परत यायला फार दिवस लागले. चेंडू दाबायचा, वाटीतले हरभरे एकेक उचलायचे. तोवर माझी लेक दुसऱ्यांच्याच कडेवर वाढली.

यंदा भावजय बाळंत होऊन घरी आली. तेल लावणं, डिंकाचे लाडू, तिला उठू न देणं, सगळं आई हौसेने करते. शेगडी मात्र तिनेच बाहेर काढली.

चुलती म्हणाली, "एवढं पाणी? पोट सुटंल तिचं."

"सुटू दे," आई म्हणाली. "पोट सुटलेली बाई जिती तरी असती."

तांब्या मी उजव्या हाताने भरून दिला. भावजय पोटभर पाणी प्यायली आणि झोपली.