आबांचा दुसरा घोडा

भूपेश माझा कॉलेजचा मित्र. प्रकाशा गावाला त्याची केळीची बाग आहे. दुपारी काम थांबलं की तो आणि त्याचे वडील, छगनआबा, मोटरच्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडतात.

आबा जन्मभर गावच्या नियमांनी खेळले. नंदुरबारच्या स्पर्धेत ज्येष्ठांमध्ये पहिलं यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. भूपेशने त्यांना स्पर्धेचे नियम सांगितले. मग एक जुनी सुरुवात शिकवली. वजिराचं प्यादं दोन घरं पुढे. शेजारचं उंटाचं प्यादं देऊ करायचं. समोरच्याने घेतलं नाही, तर मध्ये एकास एक मारामारी. आता वजिराच्या बाजूला आपली दोन प्यादी, त्याची तीन. आपण कमी, तरी तिथेच चालून जायचं. ती दोन त्याची ओळ मोडतात. त्याचं एखादं प्यादं एकटं पडतं. मग सगळा मारा त्या एकट्यावर.

आबांना हे फार पटलं.

शेवटच्या फेरीत सगळं तसंच झालं. समोरच्याचं प्यादं पडलं, आबांचं मोकळं सुटलं आणि घोड्याच्या पट्टीत शेवटच्या घरात पोचलं. आबांनी तिथे घोडा ठेवला. गावच्या खेळात प्यादं ज्या सोंगटीच्या पट्टीत पोचतं, तीच सोंगटी मिळते. स्पर्धेच्या नियमाने इथे वजीर मिळत होता.

शेवटी पटावर दोन राजे आणि आबांचे दोन घोडे उरले. दोन घोड्यांनी मात होईना. बरोबरी. पहिला नंबर गेला.

बघणाऱ्यांत भूपेश माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

"हा नियम सांगायचा राहिला," तो म्हणाला. "घरी डाव इथवर कधी आलाच नाही."

का आला नाही, तेही त्याने सांगितलं. आबांचं प्यादं पुढे सरकलं की तो हार मानून आपला राजा आडवा करायचा. बापाला कशाला हरवायचं.

परतताना गाडीत आबांनी एकदाच विचारलं, "घर तू मुद्दाम हारे ना?"

भूपेश गाडी चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा पट मांडलेला होता. "आते खरं खेय," आबा म्हणाले.

भूपेश खरं खेळला. त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. आबांनी मेलेल्या सोंगट्यांतून वजीर उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"ले."

भूपेशचा हात मांडीवरून उठेना. आबा वजीर धरून बसले होते.