आईच्या रकान्यात माझं नाव

"ही तुझी पोरगी?" वसतिगृहाच्या ऑफिसात खिडकीतल्या साहेबांनी फॉर्म माझ्यापुढं आपटला. "ती तेराची, तू बावीसची. नवव्या वर्षी बाळंत झाली का तू?" लाइनीतले हसले. साहेब म्हणाले, "थांब, पोलिसांनाच बोलवतो. पोरी पळवणाऱ्या लय झाल्यात." कडेवरचं माझं बाळ रडायला लागलं.

पोरगी बाजूलाच उभी होती. पंचवटीत भाजीबाजाराच्या ओट्यावर झोपायची, तिचं कुणीच नव्हतं. आमच्या वस्तीतले एक सर पहाटे मैदानावर अशा पोरींना पळायला शिकवायचे. मी तिथं पाणी द्यायची, घड्याळ धरायची, कारण मी पण सातवीपर्यंत पळलेली. ही अनवाणी पळायची तरी सगळ्यांच्या पुढं. मी म्हणायची, "अगं दमानं." ती म्हणायची, "ताई, तू भाकरी घेऊन पुढं उभी राहा, मग बघ."

तिला खेळाडूंच्या वसतिगृहात घेणार होते. झोपायला खाट, जेवण, शाळा, सगळं. सर म्हणाले, "पालकाची सही लागल." मला वाटलं पाळतो तो पालक, आणि जेवू तर तिला मीच घालत होते. फॉर्मवर आईचं नाव विचारलेलं, तिथं मी माझं लिहिलं. तिनं बोट ठेवून ते वाचलं, मग परत एकदा वाचलं.

सर सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, विचारायचं कुणाला. साहेबांनी फोन उचलला. मला आत टाकलं तर बाळ कुणाकडं, एवढंच डोक्यात. मी बोलून गेले, "साहेब, मी हिला ओळखत नाय. हिनंच लिहून घेतलं माझ्याकडून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग साहेबांना म्हणाली, "हो, मीच. ही बाई कोण, मला पण नाय माहीत."

साहेबांनी फोन ठेवला. मी भानावर येईपर्यंत ती फाटकाबाहेर गेलेली, आणि तिला पळून कोण गाठणार? कुणी म्हणालं मनमाडच्या गाडीत चढली. दोनदा जाऊन मनमाडचं सगळं स्टेशन पालथं घातलं, ती नाय सापडली.

सर कळल्यावर एवढंच म्हणाले, "आईबाप नसले तर सहीच्या जागी माझी चिठ्ठी चालली असती गं."

मला नव्हतं माहीत. तुमच्या कडेवर तान्हं असतं, समोर साहेबाच्या हातात फोन असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?