खालच्या मजल्यावरची घंटी

देविदास राठोड हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटरच्या जोडण्या बघतो. मी तिथंच रक्त तपासतो. माणूस सरळ, पण घायकुता. सेनगावकडच्या तांड्यावरून रोज येणार आणि संध्याकाळी जीप भरली की हातातलं टाकून पळणार.

दिवाळीनंतर त्यानं दवाखान्याच्या नेटवर्कचे दोन भाग केले. वरचे वॉर्ड एकात, खालची नर्सची खोली दुसऱ्यात. पेशंटनं खाटेजवळचं बटन दाबलं की ते सगळ्यांच्या नावानं हाक सोडतं. पण ती हाक आपल्या भागाबाहेर जात नाही. एका गावात पिटलेली दवंडी शेजारच्या गावाला कशी कळणार? ही हाक पलीकडं पोचव, असं दोन्ही भाग जोडणाऱ्या पेटीला, म्हणजे स्विचला, सांगावं लागतं. देविदासनं सांगितलं. बटन दाबून पाहिलं, खाली घंटी वाजली. तेवढ्यात जीपवाल्याचा फोन आला आणि गडी निघाला. सेटिंग सेव्ह करायचं राहिलं.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. गुरुवारी सकाळी लाईट गेली, बॅटरीही बसली. स्विच बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि सेव्ह न केलेलं तेवढं विसरला. कुणाला पत्ताही नाही.

वरच्या वॉर्डात जवळच्याच गोरेगावचे ग्यानबा होते, छातीच्या दुखण्यानं. बायको आशाबाई दोन दिवस उशापासून हलली नव्हती. त्याच दुपारी देविदासच तिला म्हणाला, "मावशी, दोन घास खाऊन या. बटन दाबलं की खाली बराबर वाजतंय." ती गेली. परत आली तेव्हा ग्यानबा संपले होते.

दीर वैजनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "जेवण सुचलं व्हय तुला?"

शुक्रवारी देविदासनं मशीनमधली नोंद काढली. ग्यानबांच्या खाटेवरून बारा मिनिटांत अकरा वेळा बटन दाबलेलं. मला दाखवली, मग डबा उघडून भाकरी खाऊ लागला.

"काही वाटून राहिलं का तुला?" मी विचारलं.

"न्हाई."

खरंच वाटत नव्हतं. मला मात्र त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. म्हणालो, "तू गप बसलास तर ती बाई जन्मभर बोलणी खाणार."

"व्हय. अन् बोललो तर माझी नोकरी जाणार," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

पाचव्या दिवशी तो गोरेगावला निघाला. मीही गेलो. अंगणात भावकी बसलेली होती. त्यानं उभ्यानंच, पाढे म्हणावेत तसं सगळं सांगितलं. "चूक माझी हाय. मावशीची न्हाई. मीच त्यान्ला जा म्हणलो."

वैजनाथ उठला. आशाबाईनं हात करून त्याला थांबवलं.

"किती डाव दाबलं म्हणतूस?"

"अकरा."

"म्हंजे त्यान्ला वाटलं असंल," ती म्हणाली, "आमी समदे ऐकून राहिलो, अन् कुणीच येईना."

देविदास उभा होता तिथंच खाली बसला.