वहिनींचा फ्रेंच पिक्चर

परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात मी एका पुण्याच्या जोडप्याच्या, दादा-वहिनींच्या, घरात खोली घेऊन राहत होतो. लॉकडाऊनमध्ये माझं हॉटेल बंद पडलं, स्वयंपाक्याचं काम गेलं, तरी त्यांनी मला कधी जा म्हटलं नाही. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला परक्या देशात एवढं कोण करतं? दोन्ही वेळची भांडी मी हट्टाने घासायचो.

आई साताऱ्याला ऑक्सिजनवर होती. देशाबाहेर पडून भारतात जायच्या सरकारी परवानगीचा फॉर्म दादांनीच भरून दिला होता, पण उत्तर येत नव्हतं. आमच्या दुपारी, तिकडे सकाळ झाली की भावाचा फोन यायचा. आज आईने पेज घेतली, आज नाही घेतली. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

त्या रविवारी फोन आला नाही.

"नेटवर्क नसेल रे," दादा टीव्हीकडे बघत म्हणाले. "ये, जेवता जेवता हिचा फ्रेंच पिक्चर बघू."

वहिनी ऑनलाइन फ्रेंच शिकत होत्या. त्यांच्या बाईंनी महायुद्धाच्या आधीचा एक गाण्यांचा विनोदी सिनेमा बघायला सांगितला होता. एका इमारतीतली सगळी माणसं खिडक्या उघडून उगाचच गात होती. जाडा घरमालक कपाटात अडकला, तर तोही आतून गायला लागला. खाली इंग्रजी ओळी यायच्या. मी वाचेपर्यंत त्या निघून जायच्या, म्हणून असा कुठलाही पिक्चर बघताना मी नेहमी दोघांच्या मागून हसायचो. त्या दिवशी मी एकटाच हसलो. वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं वाचलं असणार.

वहिनींनी तिसऱ्यांदा भात वाढला.

"वहिनी, मी काय लग्नाला आलोय?"

"घे रे. एवढा तरी."

त्यांचा आवाज ऐकला आणि माझा हात ताटातच थांबला. गावाला शेजारच्या पोरीचा बाप गेला, तेव्हा मीच तिला असं आग्रह करून जेवू घातलं होतं. आमच्यात उपाशी माणसाला अशी बातमी सांगत नाहीत. नंतर घास उतरत नाही.

"कधी?" मी विचारलं.

दादांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "पहाटे. तुझा भाऊ मला फोनवर म्हणाला, आधी त्याला जेवू द्या."

राग यायला हवा होता. तासभर मी खदाखदा हसत बसलो होतो आणि तिकडे आईला प्लास्टिकमध्ये गुंडाळत होते. पण रागावून जाणार कुठे? वहिनी रडत होत्या. मी त्यांना म्हणालो, "थँक यू, वहिनी."

डोक्यावरून आंघोळ करून आलो, भावाला फोन लावला. मागे अँब्युलन्सचा आवाज होता. नातेवाइकांना लांबच उभं केलं होतं. त्यालाही तोंड बघायला मिळालं नव्हतं.

"जेवलास ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मग मी विचारलं, "आणि तू?"