भीमाबाईनं न सांगितलेलं वाक्य

कार्डवाले सर बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, तोंडाकडे पाहत. जीभ कुठे टेकते, ओठ कधी मिटतात, सगळं टिपून घेत. यवतमाळच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना पाहिलं की तोंडाला पदर लावायच्या. आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे, मी इतिहास. चाळिशी उलटल्यावर या गृहस्थांनी भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त हसलो तो मीच.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून ते कार्डं करत, म्हणून हे नाव. घरी चपलांच्या दुकानातून आणलेली चार खोकी होती: ध्वनी, रूप, वाक्य आणि अर्थ. त्यांच्या विषयाच्या शाखा मला त्या खोक्यांवरूनच कळल्या. पहिल्यात बोलीतले आवाज, दुसऱ्यात शब्द कसे घडतात ते, तिसऱ्यात वाक्यं. चौथं बरेच दिवस रिकामं होतं. मी डिवचलं की म्हणायचे, "अर्थ घाईनं नाही सापडत, बाप्पा. कान आधी, पेन मंग."

प्रबंधासाठी त्यांनी कोलाम आदिवासींची कोलामी बोली घेतली. दर रविवारी सकाळच्या एसटीनं मारेगाव आणि तिथून दोन तास पायी कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती. ऊन असो की चिखल, रविवार चुकला नाही. कधीकधी मीही जायचो, खरं सांगायचं तर सोमवारी चेष्टेला विषय मिळावा म्हणून. तिथे भीमाबाई नावाची म्हातारी अंगणात बांबूची टोपली विणत बसे. सर मराठीत एक वाक्य म्हणत, ती तेच कोलामीत सांगे, आणि सर तिच्या तोंडाकडे पाहत कार्ड भरत.

एका रविवारी विद्यापीठाकडून आलेली वाक्यांची यादी त्यांनी काढली. माझा मुलगा आला, माझा मुलगा जेवला, इथवर सगळं सुरळीत चाललं. पुढचं वाक्य त्यांनी यादीबरहुकूम वाचलं: माझा मुलगा मेला.

भीमाबाईचे हात थांबले. तिचा एकुलता एक लेक वणीकडे खाणीत कामाला होता. ती म्हणाली, "हे म्या माह्या तोंडानं म्हनू? तू म्हन बरं तुह्या लेकाचं."

सरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनाही ते म्हणवलं नाही. भीमाबाई टोपली उचलून आत गेली.

पुढच्या रविवारी ते कार्डांशिवाय गेले आणि अंगणात नुसते बसून आले. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. तिसऱ्या खेपेला भीमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काम पुन्हा सुरू झालं. ते वाक्य मात्र त्यांनी परत कधी विचारलं नाही.

मार्गदर्शकांनी कळवलं की बाकीच्या वाक्यांवरून अंदाज बांधून ती ओळ भरून टाका. मीही म्हटलं, पोडावर पडताळायला कोण येणार आहे? सर म्हणाले, "जे ऐकलंच नाही ते काहून लिहू?" ओळ कोरी राहिली, प्रबंध परत आला आणि त्या वर्षी डिग्री हुकली. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो पुन्हा पाठवला. ओळ तशीच कोरी होती, फक्त खाली एक टीप होती की हे वाक्य कोणाही आईला विचारू नये. या वेळी पास झाले. त्यांच्यावर हसणं मी त्या दिवशी सोडलं.

त्यानंतर काही वर्षांनी, कॉलेजला निघता निघता, दारातच सर गेले. तेरावं झाल्यावर मी एकटाच पोडावर गेलो. भीमाबाई माझ्या मागे पाहत म्हणाली, "मास्तर नाही आला?"

मी सांगितलं. तिनं हातातली बांबूची पट्टी खाली ठेवली. मग आपल्या बोलीत हळूच एक लहानसं वाक्य म्हणाली. इतके रविवार ऐकून मला कोलामी थोडी कळू लागली होती. 'माझा मुलगा' एवढं ओळखीचं होतं, शेवटचा शब्द तेवढा नवा होता. सरांना जो कधी मिळाला नाही, तो हाच.

माझ्या खिशात पेन होतं आणि वहिनींनी आठवण म्हणून दिलेली सरांची कोरी कार्डंही होती. मी काहीच बाहेर काढलं नाही. ती ओळ अजून कोरीच आहे.