बाईंच्या वर्गात हाताची घडी नव्हती

कोणत्याही शाळेत मास्तर वर्गात शिरले की पहिला हुकूम ठरलेला असतो: हाताची घडी, तोंडावर बोट. सोनगीरच्या आमच्या शाळेत इतिहासाच्या बाई आल्या की नेमकं उलटं व्हायचं. "हात सोडा. मांडीवर मोकळे ठेवा. बोटांत बोटं नकोत." कुणाच्या पायाला पायाची अढी दिसली तर लाकडी पट्टीचं टोक हळूच गुडघ्याला लागायचं. बाकीचे शिक्षक म्हणत, या बाईंनी पोरं बिघडवली. आम्हाला मात्र तो तास फार आवडायचा.

यामागचं कारण ग्रीस देशातलं होतं. शाळेच्या कपाटात पुठ्ठा निघालेलं एक जाड पुस्तक होतं आणि मोकळ्या तासाला बाई त्यातल्या देवांच्या गोष्टी सांगत. देवांचा राजा झ्यूस, त्याची राणी हेरा. झ्यूसच्या डोक्यातून एक मुलगी जन्मली, चिलखत घालूनच बाहेर आली, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मंग त्यानं डोकं दुखनं नही का?"

"दुखलं ना. कुऱ्हाडीनं फोडावं लागलं," बाई म्हणाल्या. "एवढा देवांचा राजा, पण एका बाळंतपणात हैराण झाला." आणि स्वतःच हसत सुटल्या.

बोटांची गोष्ट हेराची होती. झ्यूसचं बाळ दुसऱ्याच एका बाईच्या पोटी होतं, म्हणून हेरा जळफळली. बाळंतपणाची एक वेगळी देवी होती. हेरानं तिला त्या बाईच्या दाराशी पायावर पाय घालून, बोटांत बोटं गुंतवून बसवलं. ती गाठ सुटेपर्यंत बाळ बाहेर येणार नव्हतं. सात दिवस आतली बाई तळमळत होती. शेवटी एक हुशार दासी मुद्दाम ओरडली, "झालं, बाळ झालं!" देवी दचकून उठली, बोटं सुटली आणि खरंच बाळ झालं. ही गोष्ट झाली त्या दिवसापासून आमच्या वर्गातून हाताची घडी गेली.

हेरावर आम्ही सगळे चिडलो. बाई चिडल्या नाहीत. "नवरा जगभर हिंडतो, त्याला कुणी एका शब्दानं बोलत नाही. मग तिच्या हातात राहिलं काय? दुसऱ्याच्या दाराला कडी घालणं, तेवढंच." बाईंचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी वारला होता, मूलबाळ नव्हतं, त्या दिराच्या घरी राहत. यातलं काही तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी फक्त टोपणनाव शोधलं, हेराबाई. ते शाळेत पसरलं आणि पुढं गावात.

बाईंच्या दिराची मुलगी सोनल माझ्याच बाकावर बसायची. ती बाईंना मोठी माय म्हणायची. तिची वेणी बाई घालत, अभ्यास बाई घेत, ताप आला तर ती हाक बाईंनाच मारी. तिची आई सुमनकाकू दिवसभर शेतात असे. संध्याकाळी दमून आल्यावर ती पोरीला जवळ बोलवायची आणि पोर म्हणायची, "थांब, मोठी माय गोष्ट सांगतेय." काकूचा चेहरा त्या वेळी कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. जळणं कुठं होतं ते मला आज कळतं, पण सहावीत कुठून कळणार?

काकू बाईंना अक्का म्हणायची. एकदा ती ओट्यावर शेंगा फोडत होती. मला म्हणाली, "तुम्ही पोरी अक्काले हेराबाई काबर म्हणतस? कोन शे ती हेरा?" मला गोष्ट सांगायची भारी हौस. पण बाळंतपणाची ती वेगळी देवी मी घाईत गाळून टाकली. सांगितलं, हेराच दाराशी अढी घालून बसते आणि बाळ होऊ देत नाही.

"म्हणजे दुसरीनं पोर पाहीसन जळस ती?"

"हो."

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी मूठभर दाणे घेऊन पळाले.

पुढं माझं लग्न होऊन मी जळगावला पिंप्राळ्यात आले, सोनल सुरतेला गेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी योगायोगानं सोनगीरला होते. सकाळीच कळा सुरू झाल्या. धुळ्याला न्यायला गाडी दारात आली. बाई पिशवी घेऊन तयार होत्या. आपल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी त्यांनी दोन महिने हातानं शिवली होती. काकू गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

"अक्का, तुम्ही घरीच थांबा. पोरनं पहिलं बाळतपन शे. माले भ्याव वाटस."

बाईंनी पिशवी काकूच्या हातात दिली आणि मागं सरल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. काकू, मी चुकीचं सांगितलं होतं, एवढंच बोलायचं होतं. गाडी गेली.

मग बाईंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. घरातल्या गाठी सोडायला सुरुवात केली. कपाटाची कुलपं उघडली, पिशव्यांचे बंद सोडले, स्वतःचा अंबाडा सोडला. कपड्यांची दोरी सोडली, ओले कपडे अंगणात पडले. शेजारच्यांची शेळी सोडली, तिनं आमच्यादेखत मेथीची जुडी संपवली. मला हसू येत होतं आणि रडूही.

"बाई, ती तर नुसती गोष्ट आहे ना?"

"गोष्टच आहे गं. पण मी दुसरं काय करू?"

नंतर त्या दारात बसून राहिल्या, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून. जेवल्या नाहीत. आम्हाला फोन कुणी केला नाही. चार वाजून गेल्यावर माझ्या मोबाईलवर सोनलच्या नवऱ्याचं स्टेटस दिसलं, लाल चेहऱ्याची एवढीशी मुलगी. बाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "दुपटं माझंच आहे," म्हणाल्या.

तेव्हा मला राहवलं नाही. काकूला काय सांगितलं होतं ते सगळं कबूल केलं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "चाचणीतही तू तसंच लिहिलं होतंस. देवीच्या जागी हेरा. अर्धा गुण कापला होता."

"मग काकूला सांगितलं का नाही?"

"आज? तिची पोर कळा देत होती. तिथं मी तिच्या चुका काढत बसू?"

बाळंतीण घरी येण्याआधी काकूनं निरोप दिला, सव्वा महिना अक्कांनी कुठंतरी जाऊन यावं. मी बाईंना पिंप्राळ्याला घेऊन आले. सोनल रोज व्हिडिओ कॉल करायची. बाई पडद्यावर बोट ठेवत आणि मुलीचा चेहरा पुसट झाला की बोट घाईनं मागं घेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या एकेक दिवस खोडत होत्या. पंचविसाव्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवला, म्हणाल्या, "जरा घाबरल्यासारखं होतंय." रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सोनगीरला नेलं. अंगणात ठेवलं होतं. आतल्या खोलीत सोनल हुंदके देत होती. सव्वा महिना झाला नव्हता, तिला उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही. बाळ रडत होतं. ज्या रडण्यासाठी बाई दिवस मोजत होत्या ते आता चार हातांच्या अंतरावर होतं.

काकू भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. दाराशी हेरा नव्हतीच, ती दुसरी देवी होती, मी लहान होते, चुकीचं सांगितलं. आणि बाईंनी त्या दिवशी घरातली एकूण एक गाठ सोडली होती, शेळीसुद्धा.

काकूनं पदरानं तोंड पुसलं.

"आते सांगीसन काय उपेग, माय?"

मी हाताची घडी घालून उभी होते. लक्षात आल्यावर ती सोडली.